लाल की पांढरी

"कुठली म्हणालीस?" डेल्मर स्ट्राउडने विचारलं.

मार्नी अजून चटईवर पालथीच होती. बंदुकीचा धक्का खांद्यात ताजा होता. पलीकडे टेबलावरच्या पडद्यावर दोन मैलांवरची पांढरी लोखंडी पाटी दिसत होती, आणि तिच्या मधोमध नुकताच उमटलेला काळा डाग. पहिल्याच गोळीचा.

"काय म्हणालात?"

"वारा आला, छपराचे पत्रे वाजले. मला काही कळलं नाही. लाल म्हणालीस की पांढरी?"

दोन मैल म्हणजे काय, हे बंदुकांच्या दुकानात बसून कळायचं नाही. तिथली पाटी नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. गोळी सुटल्यापासून पोचेपर्यंत माणसाचा एक अख्खा पश्चात्ताप करून होतो. वाटेत वायोमिंगचा वारा तिला तीनदा भेटतो आणि तिन्ही वेळा वेगळं सांगतो. म्हणून टेकडीखाली दोन पाट्या टांगलेल्या, एक लाल, एक पांढरी, मध्ये पाच-सहा पावलांचं अंतर. नियम मैदानाइतकाच जुना: आधी तोंडाने पाटी सांगायची, मग चाप ओढायचा. सांगितली एक आणि लागली दुसरी, तर भोपळा. नशिबाला गुण नाहीत.

आणि पहिल्याच गोळीत सांगितलेली पाटी ज्याला साधेल, त्याचं नाव जेवणघरातल्या फळीवर. बावीस वर्षांत त्या फळीवर एकच पितळी पट्टी होती. डेल्मर स्ट्राउड, पांढरी.

त्या एका गोळीने हे मैदान नावारूपाला आलं. आधी एकोणीस नेमबाज यायचे, आता तीनशे येतात आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते. डेल्मरने पुन्हा कधी स्पर्धेत बंदूक धरली नाही. तो पंच झाला आणि नियमांच्या मागे हात धुऊन लागला. श्रीमंतांच्या तोफा एका गटात, साध्या बंदुका दुसऱ्या गटात. सकाळच्या शांत वाऱ्यातली पाळी कुणाला, ते चिठ्ठ्या टाकून. म्हणून तर घोड्यांना नाल ठोकणारी मार्नी ओव्हरगार्डसुद्धा इथं येऊन पालथी पडू शकत होती.

आता तिच्या कोपराला कोपर लागलं. शेजारी दुर्बिणीला डोळा लावून तिचा भाऊ पडला होता, त्याचं नाव वेड. वाऱ्याचा अंदाज त्यानेच सांगितला होता. ती काय बोलली, ते त्याने नीट ऐकलं होतं. त्याने कोपर आणखी जोरात रुतवलं.

मागे रस्क उभा होता. त्याची बंदूक त्याच्या घरापेक्षा महाग, असं लोक म्हणत. "बोल की गं बाई," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचे कान गेलेत, तुझी जीभ तर शाबूत आहे."

मार्नीने फळीवरची मोकळी जागा डोळ्यांपुढे आणली. दोन हिवाळे ती त्या जागेसाठी गोठलेल्या कुरणात सराव करत होती.

"लाल," ती म्हणाली.

वेडने कपाळ चटईवर टेकलं. डेल्मरने पेन्सिल कागदावर ठेवली, पण बराच वेळ ती हललीच नाही. मग त्याने शून्य काढलं, टोपी काढून डोकं पुसलं आणि पुढचं नाव पुकारलं.

दुपारी जेवणघरात मिरचीचा रस्सा होता आणि ओपलने भट्टीत भाजून पाठवलेले 'पाय', सफरचंदाचं गोड सारण भरलेले. ओपल म्हणजे डेल्मरची बायको. त्याने ती गोळी मारली तेव्हा दुर्बिणीवर तीच होती. पुढच्या वर्षापासून ती मैदानावर फिरकली नाही. गुडघे दुखतात म्हणे. सफरचंदाचे 'पाय' मात्र न चुकता येतात.

"आजवर इतका महागडा शब्द कुणी बोललं नसेल," रस्क वाटी पुसत म्हणाला. "दोन अक्षरी."

"रस्क, तुझी गोळी कुठे पडली?" वेडने विचारलं.

"टेकडीला लागली."

"टेकडी सांगितली होतीस का?"

लोक हसले. मार्नी हसली नाही. समोर डेल्मर नेहमीच्या खुर्चीवर बसला होता, फळीकडे पाठ करून. बावीस वर्षं तो तसाच बसायचा, आणि लोक नव्या माणसाला कौतुकाने दाखवायचे, की बघा, मोठेपण कसं असतं.

जेवण आटोपल्यावर तिने चटई गुंडाळून गाडीत फेकली. वेड पाणी भरायला गेला होता. वारा पुन्हा उठला होता आणि छपराचे पत्रे खडखडत होते.

"मूर्ख," ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली. "एकच शब्द बदलायचा होता."

"तोच मग जन्मभर बोलत राहतो."

ती वळली. डेल्मर चांगला पंधरा पावलांवर उभा होता. एका हातात पेचकस, दुसऱ्याची मूठ बंद.

"तुम्हाला ऐकू येतं?"

"छान येतं. सकाळी तू लाल म्हणालीस, तेही आलं होतं."

मार्नीचा चेहरा तापला. "मग विचारलंत कशाला? आणि मी पांढरी म्हणाले असते तर?"

"तर मी तसं लिहिलं असतं. तुझं नाव माझ्या नावाखाली लागलं असतं."

त्याने मूठ उघडली. तळहातावर एक पितळी पट्टी होती आणि चार गंजके स्क्रू.

"तेव्हाही असाच वारा होता, पोरी. हेच पत्रे वाजत होते. पंचाला खरंच ऐकू आलं नव्हतं, म्हणून त्याने मला विचारलं." त्याने पट्टी तिच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली, उलटी. "मी पांढरी म्हणालो."