विहीणबाईंच्या पेशी

"माझ्या पेशी तुमच्याकडे नीट वागतायत ना, दिगंबरराव?"

मृणालिनीबाईंच्या आतड्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं होतं. जखम सांधायला तिथेच शिकलेल्या त्यांच्या पेशी परवा व्याह्यांचं आतडं कापून जोडलं, तेव्हा त्या जोडावर सोडल्या होत्या. लेकीला सासरी पाठवताना वाटली नव्हती एवढी काळजी त्यांना आता वाटत होती. पेशी देणाऱ्याने रोग्याचं आतडं जागं होईपर्यंत उशाशी बसायचं, अशी आता रीतच पडली होती. त्या सकाळपासून हलल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं.

"अजून गॅस सुटला नाही. जोड धरलेला दिसत नाही. संध्याकाळी पुन्हा पोट उघडावं लागेल."

डॉक्टर गेले. मृणालिनीबाईंचा चेहरा उतरला.

दिगंबरराव मात्र छताकडे बघत होते. घामाघूम. कान लाल. मांड्या घट्ट आवळलेल्या.

बाईंनी ते ध्यान नीट न्याहाळलं.

"अहो, खरं सांगा. धरून ठेवलाय ना?"

"विहीणबाईंसमोर..." दिगंबरराव पुटपुटले, "कसं शोभेल ते?"

"अगं बाई! इथे पुन्हा पोट फाडायला निघालेत, माझ्या पेशींची अब्रू चाललीय, आणि तुम्हाला शोभेची पडलीय!"

त्या ताडकन उठल्या, बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

क्षणभर काहीच नाही.

मग असा काही आवाज झाला की शेजारच्या खोल्यांतून टाळ्या पडल्या. एक नर्स हसत हसत डॉक्टरांना बोलवायला धावली.

आणि मृणालिनीबाई डोळे पुसत, भेटेल त्याला सांगत सुटल्या, "माझ्या आहेत हो त्या! माझ्या!"