तांबडी रेघ

तेजस्वीने रात्रभर गच्चीत कॅमेरा लावून ठेवला होता आणि सकाळी सॉफ्टवेअरने त्या पाचशे फोटोंचा मिळून एकच फोटो केला. चतुर्थीला गणपतीसमोर बिडी सोडलेल्या बाबांनी चहा पिता पिता तिची खेचलीच, "पाचशे काढून एक? मगे एकच नीट काढूचो होतो गो!"

"रातभर जो जो उजेड हललो, तेची रेघ ह्यात रवता, बाबा," म्हणत तिने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

वर माडांच्या शेंड्यांमागे ताऱ्यांची गोल गोल वर्तुळं उमटली होती. खाली मात्र घराच्या मागच्या दारापासून विहिरीपर्यंत एक बारीक तांबडी रेघ गेली होती आणि तशीच परत आली होती.

"देवचार तो!" बाबा घाईघाईने म्हणाले. "रातचो गावची राखण करीत फिरता."

आईने कपबशी खाली ठेवली, स्क्रीनपुढे हात जोडले आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवचारा महाराजा, बिडी ओढून परत येताना मागला दार तेवढा लावून घे, मांजार दूध पिऊन जाता रे महाराजा!"

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी होकार द्यायचा, त्या जन्मभराच्या सवयीने बाबांच्या तोंडून निघून गेलं, "व्हय महाराजा!"