अंबाडीवर पांघरूण

"अहो, ती नायलॉनची नको, सुती आणा!" दमयंतीबाई मागच्या अंगणातून ओरडल्या. "नायलॉन पानाला चिकटलं की पान गारठलंच म्हणून समजा."

राजाराम जोगांनी हातातली साडी खुर्चीवर टाकली आणि ते पुन्हा कपाटाकडे पळाले. पळाले म्हणजे, चौऱ्याहत्तराव्या वर्षी पळता येतं तेवढं. रेडिओवर दुपारीच सांगितलं होतं: उद्या पहाटे क्राइस्टचर्चला उणे दोन. न्यूझीलंडात एप्रिल अजून सरला नव्हता आणि हिव दारात येऊन ठेपलं होतं.

शेडच्या मागे, कुंपणाच्या आडोशाला तीन झाडं उभी होती. पुरुषभर उंच, पंजासारखी कातरलेली पानं, शेंड्याला जाडजूड तुरे. घरात सगळे त्यांना अंबाडी म्हणत. तसं राजारामांनीच सांगून ठेवलं होतं.

झाडं होती गांजाची. हे त्यांना ठाऊक होतं आणि रोपं देणाऱ्या शेजारच्या ग्रॅहमला. त्याने दिलेल्या सातांपैकी ही तीनच उरली होती.

कारण होतं दमयंतीबाईंची बरगडी. मागच्या हिवाळ्यात तिथे नागीण उठली. फोड गेले, आग राहिली. नुसता पदर लागला तरी कळ यायची. डॉक्टरीणबाईंनी गांजाच्या तेलाचं नाव काढलं, तर दमयंतीबाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. "मी काय बैरागीण आहे? लेकाच्या घरात राहून गांजा?" विषय संपला. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली होती. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात तिने त्यांची तपकिरीची डबी नारायण पेठेतल्या खिडकीतून खाली भिरकावली होती. डबी चांदीची होती.

म्हणून अंबाडी. तुरे पिकले की खोबरेलात मुरवायचे आणि अंबाडीचं तेल म्हणून तिच्या बरगडीला चोळायचं. ग्रॅहम म्हणाला होता, अजून चार दिवस लागतील, शनिवारी काढ. रविवारी मुलगा श्रीनाथ आणि सून सुखदा नातवंडांना घेऊन नेल्सनहून परतणार होते. तोवर झाडं थंडीपासून वाचवायची आणि हिच्या नजरेपासूनही. तिला कळलं तर ती मुळासकट उपटणार, यात शंकाच नव्हती.

"सापडल्या! सुती चादरी, चार!"

"मग आणा की इकडे! सूर्य काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

राजाराम चादर झाडावर टाकायला गेले, तर तिने हात धरला.

"अशी नाही. तुऱ्यांवर ओझं नको. आधी टोमॅटोच्या काठ्या रोवा, त्यावर मांडव घाला. चादर खाली जमिनीला टेकली पाहिजे, म्हणजे मातीतली ऊब आत राहते."

"बरं बाई." त्यांनी काठी रोवली. काठी कलली. तिने ती सरळ केली.

कुंपणावरून ग्रॅहमची लोकरी टोपी वर आली. "किआ ओरा, राज! बिग फ्रॉस्ट टुनाइट!"

"येस, येस, आय नो," दमयंतीबाईंनीच उत्तर दिलं. "सॅटर्डे यू कम. ईट अंबाडी."

ग्रॅहमला जोराचा ठसका लागला. "स्वीट ॲज, मिसेस जोग," म्हणजे 'झकास', असं कसंबसं म्हणून टोपी पलीकडे बुडाली.

"काय झालं हो याला?"

"थंडी," राजाराम म्हणाले.

दमयंतीबाईंनी नाक मुरडलं. "वास किती उग्र येतोय. आमच्या यवतमाळकडच्या अंबाडीला असा कधी आला नाही. आणि एव्हाना लाल बोंडं धरायची तिला."

राजारामांनी घाईघाईने चादरीचं टोक सरळ केलं. "इथली माती वेगळी ना. शिवाय इथे ऋतू उलटे."

"हो, इथे सगळंच उलटं," ती म्हणाली आणि चादरीच्या कडेवर विटा ठेवू लागली. तिसऱ्या विटेला ती थबकली. हात बरगडीकडे गेला, डोळे मिटले.

"बस जरा."

"माझ्या तोंडाकडे काय बघता? बाटल्यांत गरम पाणी भरा. बुंध्याशी ठेवू."

बाटल्या ठेवून झाल्या तेव्हा दिवस मावळला होता. तिन्ही झाडं पांढऱ्या चादरींखाली दडली होती. राजारामांना लहान मुलासारखी हुरहुर लागली. जेवतानाही ते दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन आले.

सकाळी उजाडताच ते जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, पायात सरकवून बाहेर धावले. हिरवळ पिठासारखी पांढरी पडली होती. शेजारच्या बाईंचा भोपळ्याचा वेल काळाठिक्कर लोळत होता. दमयंतीबाई शाल गुंडाळून आधीच झाडांपाशी हजर.

"हळू! ऊन चढायच्या आत काढा. आणि पाणी तुऱ्यांवर सांडू देऊ नका, बुरशी धरेल."

चादर पापडासारखी ताठ झाली होती. दोघांनी ती दोन्हीकडून धरून अलगद उचलली. आत पान न् पान ताजं होतं. दुसरी उचलली. तिसरी उचलली.

"वाचली! अगं, तिन्हीच्या तिन्ही वाचली!" राजारामांनी बर्फाळ गवतावर एक गिरकीच घेतली. एक जॅन्डल उडून शेडवर आपटली.

"पडाल!" ती म्हणाली, पण हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसत होती.

"सातच्या सात जगली असती तर काय बहार आली असती!" आनंदाच्या भरात ते बोलून गेले. "चार त्या मेल्या गोगलगाईंनी खाल्ली."

"गोगलगाई कशाला खातील? तुम्ही जानेवारीत ऑकलंडला गेलात, तेव्हा मी उपटली."

राजाराम एका पायावर तसेच थांबले. "उपटलीस? का?"

दमयंतीबाईंनी ताठ चादर झटकून दोरीवर टाकली.

"चारही नर होती, आणि नर-मादी काही अंबाडीत नसतात. ठेवली असती तर या तुऱ्यांत नुसत्या बिया भरल्या असत्या."