कादंबरीची वाटणी

भाऊ-भाऊ वेगळे होत होते. वाटणी संपत आली होती. टेबलावर दोनच पुस्तकं उरली. ‘माझं-तुझं’ सोडायला सांगणारं तत्त्वज्ञानाचं पुस्तक दोघांनी एकमेकांकडे ढकललं. आम्हा जावांना ते वाचून मनापासून पटलं होतं. तरी जाडजूड कादंबरी दोघींनाही हवी होती. नायिका अबोला मोडून बहिणीचं दार ठोठावते त्या पानाशी माझ्या हातून दूध उतू गेलं, तेव्हा रागवायचं सोडून जाऊबाई म्हणाल्या होत्या, “त्याच पानाला माझी भाजी करपली.” आता त्यांनी सुरी आणली आणि कादंबरी मधोमध चिरली. “पहिला भाग तुझा, दुसरा माझा.” “अशानं कुणालाच धड वाचता येणार नाही,” थोरले दीर म्हणाले. जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आपला भाग उराशी धरून त्या मला म्हणाल्या, “शेवट माझ्याकडे आहे. बघते, किती दिवस माझं दार ठोठावत नाहीस.”