निळा चमचा

खऱ्या गाड्यांचा स्प्रे प्लॅस्टिक खातो, म्हणून छोट्या मॉडेलगाड्या रंगवताना बाबा तो आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून बघत. डोळे अधू झाले तरी शिरस्ता मोडला नव्हता. आजही खिडकीत निळा चमचा वाळत होता. शेजारची मॉडेलगाडी कोरीच होती आणि स्प्रेचा डबा रिकामा. "एवढा रंग गेला कुठे, बाबा?" लेकीनं विचारलं. "हात थरथरतो हल्ली. उडाला इकडेतिकडे." चमचा घेऊन ती तशीच खाली धावली. बाबांच्या निळ्या गाडीत तिची पोर रोजच्यासारखी शाळेला निघायला दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. लेकीनं चमचा चाकावरच्या पोचा पडलेल्या पत्र्यावर टेकवला. पत्र्याच्या रंगात चमचा दिसेनासा झाला. रंगावरचा चकचकीत क्लिअरकोट अजून ओला होता, अंगठा चिकटला. किल्ली घेऊन मागोमाग आलेले बाबा थबकले. "खांब होता गं," ते म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटले, "बहुतेक."