कानापर्यंत आलेलं जॅकेट

पाण्यात उतरून जॅकेटमध्ये हवा भरली, की ते छातीवरून सरकत थेट कानांपर्यंत यायचं आणि मी कासवासारखा आतून डोकावत राहायचो. याच जॅकेटपायी डायव्हिंगच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो. आज तिसरी खेप.

सरांनी कमरेचा पट्टा अगदी टोकापर्यंत ओढला. जॅकेट तरी वरच. मग दोन पायांमधून एक जादा पट्टा घेऊन पुढे-मागे अडकवला. जॅकेट जागेवर राहिलं, पण मला धड चालता येईना.

शेवटी वैतागून त्यांनी कॉलर उलटली आणि साइज वाचली.

"अहो, यात तुमच्यासारखे दोन जण मावतील! घेतलं कुणी हे?"

"आईनं. म्हणाली, वाढत्या अंगाचंच घेऊ."

"वय काय तुमचं?"

"बेचाळीस."

आता सर भडकणार म्हणून मी मान आत ओढून घेतली. आत जागा होतीच.

सर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. ते स्वतःच्या डायव्हिंग सूटच्या तीनदा दुमडलेल्या बाह्या पुन्हा नीट दुमडत हळूच म्हणाले, "राहू द्या. एक-दोन वर्षांत बसेल अंगाला."