उंबराखालचं चार्जिंग

आमच्या कोस्टा रिकात पत्ते खुणेवरून सांगतात, आणि खूण नाहीशी झाली तरी पत्ता बदलत नाही. त्यामुळं ‘उंबराखालचं चार्जिंग बंद आहे’ अशी तक्रार आली तेव्हा मला नवल वाटलं नाही. गाड्यांसाठी ते सौर चार्जिंग बसवायचं म्हणूनच आम्ही तो उंबर पाडला होता.

माझी ही तिसरी खेप. आज कारण सापडलं नाही तर नोकरी जाणार होती. संशय होता समोरच्या खानावळीच्या एर्मेलिंडाबाईंवर. सावली गेली तसं त्यांचं गिऱ्हाईकही गेलं होतं.

“खरं सांगा बाई, पॅनेलवर चादर टाकता ना?”

“या गुडघ्यांनी शिडी चढू होय रे?” ताटात भात आणि काळा घेवडा वाढता वाढता बाई हसल्या. “सावलीत कसं चालेल ते? आणि ती टोपी कशाला घेतोस? वर ऊन लागत नाही.”

कसली बनेल बाई!

भर दुपार होती, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. शिडी लावून वर चढलो. काच स्वच्छ, वायरी धड. मीटर मात्र ऊन शून्य दाखवत होतं. दुसरं मीटर लावलं, तेही शून्य.

खाली पाहिलं. बाई दारात उभ्या होत्या, आता हसत नव्हत्या.

मानेवरचा घाम एकदम गार पडला. मी काचेवर हात टेकवला.

हातावर पानांच्या सावल्या हलत होत्या.